बाहीत दडवलेलं हसू: एका इंग्रजी वाक्प्रचाराची कुळकथा

इंग्रजीत 'लाफ अप युवर स्लीव्ह' असा एक वाक्प्रचार आहे. शब्दशः घेतला तर बाहीच्या आत हसणं. कुणाची तरी मनातल्या मनात मजा घ्यायची, पण त्याला पत्ता लागू द्यायचा नाही, हा त्याचा अर्थ. स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजीच्या तयारीत अशा वाक्प्रचारांच्या लांबलचक याद्या पाठ कराव्या लागतात. 'गुपचूप हसणे' एवढं समोर लिहिलं की यादी पुढे सरकते. बाही मध्येच कुठून आली, हे पाठ करणाऱ्याला कळत नाही. आणि ते कळलं नाही, की हा वाक्प्रचार नेमका कुठे बसतो आणि कुठे बसत नाही याचाही अंदाज येत नाही.

आधी अर्थ जरा जवळून पाहू. समजा, ऑफिसात मीटिंग चालली आहे. साहेब त्यांच्या वरिष्ठांना सांगतायत, की हा सगळा अहवाल मी स्वतः बसून तयार केला. ज्या दोघांनी रात्री जागून तो खरोखर केला, ते समोरच बसलेत आणि मुकाट्याने माना डोलावतायत. तेवढ्यात वरिष्ठ एका आकड्यावर बोट ठेवून विचारतात, हा कुठून आला? साहेब कागद चाळू लागतात. पानं पुढे जातात, मागे येतात. त्या दोघांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, आणि आत मात्र उकळ्या फुटत असतात. हे झालं बाहीत हसणं.

हसू येणं एवढं इथे पुरत नाही. ते कुणावर तरी यावं लागतं, तो माणूस किंवा त्याच्या बाजूचं कुणीतरी जवळपास असावं लागतं, आणि त्याला माहीत नसलेलं काहीतरी आपल्याला माहीत असावं लागतं. घरी एकटंच बसून विनोदी लेख वाचताना हसू आलं तर ते यात येत नाही. नातवाच्या बोबड्या बोलांवर आजी ओठ दाबून हसते, तेही यात येत नाही, कारण त्या हसण्याला काटा नाही. या वाक्प्रचारातल्या हसण्याला बारीकसा काटा असतोच. समोरचा फसलाय, चुकलाय किंवा उगाच मिरवतोय, आणि आपण ते ओळखून आहोत, याचं ते समाधान असतं.

मग बाही का? आजच्या शर्टाच्या बाहीत तर बोटभर जागा नसते. पण हा वाक्प्रचार ज्या काळातला आहे त्या काळातली बाही वेगळी होती.

चौदाव्या शतकाच्या शेवटी आणि पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या बड्या घरांत 'हूपलांड' नावाचा एक घोळदार झगा पुरुष आणि बायका दोघंही घालत. त्याच्या बाह्या खांद्यापासून निघून खाली इतक्या रुंदावत जायच्या, की हात आडवा धरला तर कापड गुडघ्यापर्यंत, कधी जमिनीपर्यंत लोंबायचं. दुसरा एक प्रकार मनगटाशी आवळलेला आणि मध्ये फुगलेला असे, थेट बॅगपाइप या फुंकवाद्याच्या पिशवीसारखा. इंग्लंडचा राजा रिचर्ड दुसरा (१३७७ ते १३९९) याच्या काळाबद्दल लिहिणारा ईव्हशॅम इथला एक मठवासी इतिहासकार या पिशवीवजा बाह्यांवर फार संतापलेला दिसतो. त्याची तक्रार अशी, की आता मालकच काय, नोकरही या बाह्या घालतात. पंगतीत वाढताना त्या रश्श्यात बुडतात. आणि चोरलेला माल त्यांच्यात दडवता येतो, म्हणून या बाह्या म्हणजे सैतानाची कोठारं आहेत.

हा राग आपल्याला फार उपयोगी आहे. बाही ही वस्तू लपवण्याची जागा आहे, हे त्या काळी सगळ्यांना इतकं ठाऊक होतं की त्यावर तक्रारी लिहिल्या जात होत्या.

थोड्याच वर्षांनी, १४११च्या सुमारास, लंडनच्या राजदरबारी कचेरीत कारकुनी करणारा कवी थॉमस हॉक्लीव्ह याने राजपुत्रासाठी लिहिलेल्या उपदेशपर काव्यात हाच विषय घेतला आहे. तो म्हणतो, आता रस्त्यावरची घाण झाडायला झाडूची गरजच उरली नाही. खिशात दमडी नसलेल्या नोकरांच्या लांब बाह्याच ती चाटून नेतील, मग ती सुकी असो की ओली. १४०२ साली तर इंग्लंडच्या संसदेपुढे मागणी आली होती, की अमुक दर्जाच्या खालच्या माणसांनी या मोठ्या लोंबत्या बाह्या वापरूच नयेत. कापड महाग होतं. कुणाच्या अंगावर किती वार कापड आहे, यावरून माणसाची पायरी ठरत होती. नोकराची बाही मालकाइतकी लांब झाली, की वरच्यांना ते खुपायचं.

'खिशात दमडी' असं वर सहज लिहून गेलो खरा, पण खिसा हा शब्द त्या काळाला चालत नाही. कपड्याला आतून शिवलेला खिसा युरोपात रुळला तो सोळाव्या शतकात आणि त्यानंतर. त्याआधी पैसे कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या थैलीत असायचे, आणि बाकीच्या चिल्लर गोष्टी, रुमाल, चिठ्ठी, असं काहीबाही, ते बाहीत जायचं. या वाक्प्रचाराचं मर्म मला इथे दिसतं. सहसा सांगितलं जातं ते असं, की बाही रुंद होती, हसू आलं की लोक ती तोंडावर घ्यायचे. ते खरंच आहे. पण बाही तोंड झाकायचा पडदा होती तशीच ती वस्तू ठेवायची जागाही होती. हसू बाहीत टाकणं म्हणजे ते नुसतं झाकणं नव्हे, तर आपल्याजवळ ठेवून देणं. दुसऱ्याला न दाखवता.

सोळाव्या शतकात, ट्यूडर राजांच्या इंग्लंडमध्ये, बाहीचं प्रस्थ आणखी वाढलं. तेव्हाच्या अनेक बाह्या झग्याला कायमच्या शिवलेल्या नसत. त्या वेगळ्या शिवून नाड्यांनी बांधत किंवा टाचण्यांनी अडकवत. मालमत्तेच्या याद्यांमध्ये बाह्यांच्या जोड्या वेगळ्या मोजलेल्या दिसतात, आणि पहिल्या एलिझाबेथ राणीला नववर्षाच्या भेटी म्हणून भरजरी बाह्यांच्या जोड्या आल्याच्या नोंदी आहेत. या बाह्या डोळ्यांनी पाहायच्या असतील तर हान्स होल्बाइन या चित्रकाराने १५३६-३७च्या सुमारास काढलेलं जेन सीमोरचं चित्र पाहावं. ती आठव्या हेन्रीची तिसरी राणी. चित्र व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात आहे आणि इंटरनेटवर सहज सापडतं. लाल मखमलीचा पोशाख, समोर एकमेकांत धरलेले हात, ओठ घट्ट मिटलेले. पोशाखाची बाही कोपरापाशी एकदम रुंद होते आणि तिचा काठ उलटा वर दुमडलेला आहे, त्यावर सोनेरी जाळी. त्या भल्यामोठ्या तोंडातून आतली दुसरी, रुपेरी कापडाची बाही बाहेर आली आहे. दोन थरांच्या मध्ये इतकी पोकळी आहे, की तिथे मूठभर काय, पसाभर वस्तू राहील. हात जरासा वर उचलला की निम्मा चेहरा त्या कापडाआड जाईल.

बाहीची जागा कळली. पण हसू दडवायची एवढी निकड का होती?

एक कारण शिष्टाचाराचं. १५३० साली डेसिडेरियस इरॅस्मस या डच विद्वानाने मुलांना रीतभात शिकवणारं छोटंसं लॅटिन पुस्तक लिहिलं. कसं बसावं, नाक कसं पुसावं, जेवताना हात कुठे ठेवावेत, सगळं त्यात आहे. कपड्याच्या टोकाला नाक पुसणं हा गावंढळपणा, रुमाल वापरावा, असं तो सांगतो. हसण्याबद्दलही त्याने लिहिलंय. प्रत्येक गोष्टीला हसणं मूर्खपणाचं, कशालाच न हसणं ठोंबेपणाचं. आणि एखादी गोष्ट इतकी विनोदी घडली की हसू आवरतच नाही, तर रुमालाने किंवा हाताने चेहरा झाकून घ्यावा. दोनच वर्षांत, १५३२ साली, रॉबर्ट व्हिटिंग्टनने या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि इंग्लंडमधली शाळकरी मुलं ते वाचू लागली. म्हणजे चारचौघांत हसू आलं की तोंड झाकायचं, ही तिथे लेखी शिकवण होती. मठांमध्ये तर ती त्याच्याही कितीतरी आधीची. संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीत मोठ्याने किंवा फार हसण्याची आवड धरू नये असं स्पष्ट लिहिलंय, आणि पटकन हसू न येणं ही तिथे नम्रतेच्या पायऱ्यांपैकी एक पायरी आहे.

दुसरं कारण भीतीचं, आणि मला तेच जास्त वजनदार वाटतं. ज्याच्यावर हसू येतंय तो आपल्यापेक्षा ताकदवान असेल तर हसणं महागात पडतं. हेन्रीच्या दरबारात कुणावर हसलात यावरून माणसाचं भवितव्य ठरू शकत होतं. हा वाक्प्रचार आपल्याला ज्याच्या छापील पुस्तकात भेटतो त्या माणसानं हे स्वतः भोगलेलं होतं, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबायला हवं.

जॉन हेवुड हा आठव्या हेन्रीच्या दरबारातला गायक, वादक, नाटककार आणि हजरजबाबी माणूस. त्याची बायको सर थॉमस मोर यांच्या बहिणीची मुलगी. मोर म्हणजे इंग्लंडचे माजी चॅन्सलर, राजाच्या बड्या मंत्र्यांपैकी एक. हेन्रीने पोपला बाजूला सारून स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख जाहीर केलं, ते मोर यांनी मानलं नाही, म्हणून १५३५ साली त्यांचा शिरच्छेद झाला. हेवुडही कॅथलिक पंथाला धरून राहिलेला. १५४४ साली तो राजद्रोहाच्या प्रकरणात अडकला. इंग्लंडच्या चर्चचे सर्वांत वरचे धर्मगुरू आर्चबिशप क्रॅन्मर यांच्याविरुद्धच्या कटाशी त्याचा संबंध जोडला गेला होता. जीव वाचला तो लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या आवारात सगळ्यांसमोर उभं राहून आपली मतं मागे घेतली तेव्हा. एलिझाबेथ राणीचा धर्मपुत्र (गॉडसन) जॉन हॅरिंग्टन याने पुढे लिहून ठेवलंय, की हेवुड आपल्या विनोदबुद्धीमुळे फासातून सुटला.

या प्रसंगानंतर दोनच वर्षांनी, १५४६ साली, हेवुडचं म्हणींचं पुस्तक छापलं गेलं. पुस्तक मोठं मजेदार आहे. एका तरुणापुढे प्रश्न पडलाय, गरीब तरुणीशी लग्न करावं की श्रीमंत म्हाताऱ्या विधवेशी? तो निवेदकाला सल्ला विचारतो. निवेदक त्याला दोन जोडप्यांच्या संसारांची हकिगत पद्यात ऐकवतो आणि बोलता बोलता इंग्रजीतल्या जवळजवळ सगळ्या म्हणी त्यात ओवतो. रोम एका दिवसात उभं राहिलं नाही, घाईत काम बिघडतं, नवा झाडू चांगला झाडतो, या सगळ्या त्यात आहेत. आणि त्याच पुस्तकात निवेदक एका ठिकाणी म्हणतो, 'त्यावर मी काहीच बोललो नाही, फक्त माझ्या बाहीत हसलो.'

ओळ छोटी आहे, पण वाक्प्रचाराचा सगळा मामला तिच्यात येऊन जातो. आधी 'काहीच बोललो नाही', मग 'बाहीत हसलो'. गप्प राहणं आणि आत हसणं, दोन्ही एकाच वाक्यात, एकाच क्षणी. जोडप्याच्या भांडणात तिसऱ्या माणसाने तोंड उघडायचं नसतं हे जगभर सारखंच. पण हेवुडचं आयुष्य माहीत असलं की या ओळीला आणखी एक अस्तर लागतं. ज्याने भर चौकात आपली मतं गिळून दाखवली होती, त्याला गप्प राहून हसणं म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको होतं. पुढे एलिझाबेथ राणीच्या काळात, १५६४ साली, तो धर्मासाठी देश सोडून युरोपात निघून गेला आणि परदेशातच वारला. इंग्रजी कवी जॉन डन हा त्याच्या मुलीचा मुलगा.

हेवुडच्या ओळीत 'अप' नाही, 'इन' आहे. बाहीत हसणं. जुनं रूप तेच, आणि ते दोन-अडीचशे वर्षं तसंच चाललेलं दिसतं. १७७५ साली लंडनच्या कॉव्हेन्ट गार्डनमध्ये रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडनचं 'द रायव्हल्स' हे नाटक रंगमंचावर आलं. पहिला प्रयोग, १७ जानेवारीचा, सपशेल पडला. शेरिडनने नाटक मागे घेतलं, काटछाट केली आणि अकरा दिवसांनी पुन्हा उभं केलं, मग ते असं चाललं की आजही होतं. त्यात सर अँथनी नावाचा तापट बाप आपल्या मुलाला फर्मावतो, की मी सांगीन त्या मुलीशी लग्न करायचं. मुलगा आढेवेढे घेतो. बाप भडकतो. ती मी ठरवीन तितकी कुरूप असेल, तिच्या दोन्ही खांद्यांवर कुबड असेल, तिला एकच डोळा असेल, तरी तू दिवसभर तिच्याकडे टक लावून बघशील आणि रात्रभर जागून तिच्या सौंदर्यावर कविता लिहिशील! मुलगा म्हणतो, हे तर फारच समजूतदारपणाचं बोलणं झालं. बाप ओरडतो, दात काढू नकोस. मुलगा सांगतो, महाराज, हसण्याच्या मनःस्थितीत मी आयुष्यात इतका कमी कधीच नव्हतो. त्यावर बाप म्हणतो, 'खोटं! तू बाहीत हसतोयस हे मला ठाऊक आहे. मी गेलो की तू दात काढणार हेही ठाऊक आहे.'

हेवुडच्या ओळीत हसणारा स्वतःच सांगतो, मी बाहीत हसलो. शेरिडनच्या प्रसंगात ज्याच्यावर हसलं जातंय तो आरोप करतो. पुराव्याशिवाय. चेहऱ्यावर काही दिसत नाही, पण वाटतंय खरं की हा आतून हसतोय. या वाक्प्रचाराचा आजचा वापर बराचसा या दुसऱ्या जातीचा आहे. निवडणुकीत हरलेला पक्ष, व्यवहारात फसलेला गिऱ्हाईक, बदली होऊन आलेला अधिकारी, सगळ्यांच्या तोंडी हेच: ते लोक बाहीत हसत असणार. हसू दडवलेलं असतं म्हणून ते सिद्ध करता येत नाही, आणि सिद्ध करता येत नाही म्हणून संशय जास्त खोल जातो.

'इन'चं 'अप' पुढे हळूहळू झालं. तोवर पुरुषांच्या कोटाच्या बाह्या अरुंद झाल्या होत्या आणि खिसे आले होते. बाहीत वस्तू ठेवायची रोजची सवय उरली नाही. उरली ती पत्ते लपवणाऱ्या जुगाऱ्याची आणि जादूगाराची बाही. अरुंद बाहीत काही दडवायचं तर ते मनगटाकडून वर सरकवावं लागतं, आणि 'अप' शब्दात ती वर सरकवण्याची हालचाल आहे. रुंद बाही गेली तरी वाक्प्रचार नव्या बाहीच्या मापाचा होऊन टिकला, असं मी याकडे पाहतो.

आता थोडं मागे, रोममध्ये जाऊ. इसवी सन पूर्व ४५मध्ये सिसरो या रोमन वक्त्याने तत्त्वज्ञानावर लिहिताना प्रतिपक्षाला सुनावलंय, की त्यांनी आपला आनंद छातीवरच्या घडीत ठेवावा आणि बढाया मारणं थांबवावं. टोगा हे रोमन वस्त्र अंगाभोवती गुंडाळलं की छातीपाशी कापडाची एक झोळदार घडी पडायची. रोमन माणूस तीत पैशाची थैली, कागद असं काहीबाही ठेवायचा. त्या घडीत आनंद मानणं म्हणजे मनातल्या मनात खूश होणं. इरॅस्मसने जमवलेल्या प्राचीन म्हणींच्या प्रचंड संग्रहात हा शब्दप्रयोग आहे, आणि सोळाव्या शतकात शिकलेल्या प्रत्येक इंग्रज माणसाच्या हाताखालून तो संग्रह जायचा. रोमन माणूस आनंद जिथे ठेवतो तिथेच त्याचे पैसे असतात. इंग्रज माणूस हसू जिथे ठेवतो तिथेच त्याचा रुमाल आणि चिठ्ठी असते.

हे सूत्र हातात घेऊन मराठीकडे वळलं की पदर समोर येतो. आपल्याकडे बायका हसू आलं की पदर तोंडाला लावतात, पदराआड हसतात. आणि पैसे? तेही पदराच्या टोकाला गाठ मारून. अजूनही खेड्यातल्या बाजारात भाजी विकणारी म्हातारी ती गाठ दाताने सोडवून सुटे पैसे काढते. 'पदरमोड' हा शब्द त्या गाठीतूनच आलाय. जिथे पैसा तिथेच हसू, ही सांगड रोमच्या टोगात, ट्यूडर बाहीत आणि आपल्या पदरात सारखीच दिसते, आणि यांपैकी कुणी कुणाकडून उसनं घेतलं म्हणावं अशी गरजच नाही. अंगावरच्या वस्त्राचा जो भाग सैल, तोच खिसा होतो आणि तोच पडदाही.

बाकीच्या भाषांनी काय केलं तेही थोडक्यात. फ्रेंच माणूस 'केप'खाली, म्हणजे खांद्यावरच्या झुलीखाली हसतो. दाढीतही हसतो. इटालियन मिशीखाली हसतो, अगदी आपल्या 'मिशीतल्या मिशीत'सारखा. जर्मन आणि रशियन माणूस मुठीत हसतो. चिनी ऑपेऱ्यात बाहीच्या टोकाला पांढऱ्या रेशमाची लांब जोड असते, तिला पाण्याची बाही म्हणतात. स्त्री-पात्राला हसू आलं की ती बाही हळूच तोंडापुढे येते.

आणि या सगळ्या पडद्यांना एक फट आहे. तोंड झाकता येतं, डोळे झाकता येत नाहीत. ड्यूशेन या फ्रेंच वैद्याने १८६२ साली चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन केलेल्या प्रयोगांवर पुस्तक काढलं. ओठांची टोकं वर ओढणारा गालाचा स्नायू माणूस इच्छेने हलवू शकतो, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदातच आकुंचन पावतो, असं त्याचं निरीक्षण. पुढच्या अभ्यासांत दिसलं की काही माणसांना तोही मुद्दाम हलवणं जमतं, पण बहुतेकांच्या बाबतीत डोळे सांगायचं ते सांगूनच टाकतात. खांदेही हलतात. सर अँथनीला पोराच्या चेहऱ्यावर नेमकं काय दिसलं ते शेरिडन सांगत नाही, पण बापाला कळलं असावं ते डोळ्यांतूनच.

मराठीत अर्थाच्या जवळचे शब्द बरेच आहेत, पण ते बेताने वापरावेत. 'गालातल्या गालात हसणे' हे भाषांतरात सर्रास वापरलं जातं आणि अर्ध्या वेळा चुकतं. नवी नवरी नाव घेताना गालातल्या गालात हसते, त्यात कुणाची फजिती नसते. त्या मीटिंगमधल्या दोघांसाठी 'मनातल्या मनात हसत होते' किंवा 'आतून मजा घेत होते' हे जास्त नेमकं बसतं. मिशीतल्या मिशीत हसण्यात थोडा खट्याळपणा आणि थोडं 'मला सगळं माहीत आहे' असतं, म्हणून माणूस आणि प्रसंग जुळत असतील तर तेही चालतं.

बाही मराठीत नाही असंही नाही. ती आहे, पण तिच्यात दडवलंय ते दुसरंच. 'अस्तनीतला निखारा' आपण म्हणतो तो घरभेद्या माणसाला. अस्तनी म्हणजे बाही, फारसी 'आस्तीन'वरून आलेला शब्द. फारसीत आणि हिंदीत बाहीत साप असतो, मराठीतही अस्तनीतला साप म्हणतात. लपवायची जागा तीच, पण ट्यूडर इंग्रजाने तिथे हसू ठेवलं आणि आपण वैरी ठेवला.

इंग्रजीत मात्र बाहीचे वाक्प्रचार एकमेकांत गुंतवू नयेत, परीक्षेत इथेच गफलत होते. बाहीत काहीतरी असणं म्हणजे राखून ठेवलेला डाव असणं, त्यात हसण्याचा संबंध नाही. काळीज बाहीवर मिरवणं म्हणजे भावना उघड्यावर ठेवणं, शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त इयागोच्या तोंडी ते आहे, आणि अर्थाने ते आपल्या वाक्प्रचाराच्या अगदी उलट टोकाला. एकात बाहीचं बाहेरचं कापड आहे, दुसऱ्यात आतली पोकळी. हसणारे अनेक असतील तर बाहीही अनेकवचनी होते, 'देअर स्लीव्ह्ज'. आणि ज्याच्यावर हसलं जातंय ते सांगायचं असेल तर 'ॲट' लावायचं. 'दे वेअर लाफिंग अप देअर स्लीव्ह्ज ॲट हिम', म्हणजे साहेब कागद चाळत होते आणि ते दोघं आतल्या आत त्यांना हसत होते.